छोटे कॉफीचे दुकान उघडण्याआधी: कोणते काम आधी, कोणते नंतर

कॉफीचे दुकान काढायचे मनात आले की बहुतेक जण आधी जागा बघतात, मग यंत्राची चौकशी करतात आणि हिशेबाची वही सर्वांत शेवटी उघडतात. कोथरूडमध्ये बारा खुर्च्यांचे दुकान उभे करताना मीही याच क्रमाने गेले आणि त्याचा भुर्दंड पहिल्या वर्षभर सोसला. हा लेख पुण्यासारख्या शहरात, कोणत्याही साखळीची फ्रँचायझी न घेता, स्वतःच्या हिमतीवर छोटे दुकान काढू पाहणाऱ्यांसाठी आहे. नाशिक, कोल्हापूर किंवा ठाण्यात भाडी वेगळी असतील आणि ग्राहकांच्या वेळाही वेगळ्या असतील, पण कामांचा क्रम फारसा बदलणार नाही.

पहिले काम: कपांचा हिशेब

जागा बघायला बाहेर पडण्यापूर्वी एका कपाचा हिशेब मांडा. समजा, कॅपुचिनोची किंमत जीएसटी धरून 150 रुपये ठेवली. 5 टक्के कर वजा केल्यावर हातात सुमारे 143 रुपये राहतात. दुहेरी शॉटला (शॉट म्हणजे यंत्रातून एका वेळी उतरवलेली घट्ट एस्प्रेसो कॉफी) 18 ग्रॅम कॉफी लागते; भाजलेले बी किलोला 1,200 रुपयांनी मिळत असेल तर ती साधारण 22 रुपयांची झाली. दीडशे मिलिलिटर दुधाचे 10 रुपये, साखर, कागदी रुमाल आणि पार्सलच्या कपाचे सरासरी 6 रुपये, आणि वाया जाणाऱ्या मालाचे 5 रुपये धरा. वाया जाणारा माल हिशेबात न धरणारे पुष्कळ भेटतात. पण रोज सकाळी दळण जुळवताना दोन-तीन शॉट ओतून द्यावेच लागतात, आणि किलोभर कॉफीत कागदावर पंचावन्न शॉट बसत असले तरी प्रत्यक्षात पन्नासच्या आसपासच निघतात. असे सगळे मिळून 43 रुपये खर्च होतो आणि एका कपामागे 100 रुपये उरतात.

आता महिन्याचा ठरलेला खर्च मांडा. भाडे 45,000, दोन माणसांचे पगार 40,000, वीज आणि पाणी 14,000, इंटरनेट, बिलिंग आणि साफसफाई 6,000, यंत्राची देखभाल 5,000 आणि कर्जाचा हप्ता 20,000 असे धरले तर बेरीज 1,30,000 होते. म्हणजे महिन्याला 1,300 कप, आणि आठवड्याची एक सुट्टी धरून 26 दिवस दुकान उघडे ठेवले तर दिवसाला 50 कप विकले गेले, तरच तोटा होत नाही. यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही. घरखर्चासाठी 40,000 रुपये काढायचे असतील तर आकडा दिवसाला 65 कपांवर जातो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या भागातले खरे दर घालून वही पुन्हा मांडा. पण शेवटी जो कपांचा आकडा येईल तो एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्या आकड्याशी ताडून बघायचा आहे.

भांडवल मोजताना सजावट, यंत्रे आणि अनामत रक्कम यांच्या पलीकडे निदान सहा महिन्यांचा ठरलेला खर्च वेगळा ठेवावा. वरच्या उदाहरणात ती रक्कम 7,80,000 रुपये होते. ती हाताशी नसेल तर दुकानाचा आकार कमी करा, पण या रकमेला सजावटीसाठी हात लावू नका. बँकेकडे जाताना उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून घ्यावी. ती सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते, त्यामुळे त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. मुद्रा योजनेतील किशोर गटात 5 लाखांपर्यंत आणि तरुण गटात 10 लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे, आणि शाखा व्यवस्थापकासमोर कपांचा असा हिशेब ठेवला की बोलणे पुष्कळ सोपे होते.

दुसरे काम: रस्ता मोजणे

ज्या गल्लीत दुकान काढण्याचा विचार आहे तिथे समोरच्या कट्ट्यावर वही घेऊन बसा. एक सोमवार, एक बुधवार आणि एक शनिवार, सकाळी आठ ते दहा, दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते आठ. नुसती ये-जा मोजून भागत नाही. माणूस चालत चालला आहे की दुचाकीवर, थांबण्याच्या तयारीत आहे की घरी जाण्याच्या घाईत, हातात लॅपटॉपची बॅग आहे की भाजीची पिशवी, हेही टिपायचे. दुचाकीवरून जाणारा ग्राहक गाडी लावायला जागा नसेल तर थांबत नाही. पुण्यात हा एक मुद्दा चांगल्या दुकानालाही खाली बसवतो.

जवळच्या अमृततुल्यात जाऊन तासभर उभे राहा. तिथे गर्दी आहे म्हणून तुमच्या दुकानाला गिऱ्हाईक नाही, असा अर्थ काढू नका. चहासाठी थांबणारा माणूस पाच मिनिटे उभा राहून जातो, कॉफीच्या दुकानात येणारा पाऊण तास बसण्याच्या तयारीने येतो. दोघांची गरज वेगळी आहे. पण त्या गल्लीतल्या लोकांना दिवसाच्या कोणत्या वेळी काहीतरी गरम प्यावेसे वाटते, हे अमृततुल्याइतके खरे कुणी सांगणार नाही. बारा खुर्च्या, प्रत्येक ग्राहक पाऊण तास, आणि भरगच्च वेळ फक्त संध्याकाळचे तीन तास, असे गणित केले तर सर्व खुर्च्या भरलेल्या असतानाही त्या वेळात 48 जणच बसतात. मग 65 चा आकडा गाठायला सकाळचे पार्सल किंवा दुपारचा ग्राहक कुठून येणार, याचे उत्तर त्याच रस्त्यावर शोधावे लागते.

तिसरे काम: जागेची तपासणी आणि करार

जागा पसंत पडली तरी टोकन देण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा: वीज, पाणी आणि निचरा. मालकाच्या तोंडी हमीवर यातली एकही गोष्ट सोडू नका.

विजेचे आधी सांगते, कारण तिथे मला फटका बसला आहे. दोन ग्रुपचे (एका वेळी दोन ठिकाणी कॉफी उतरवणारे) एस्प्रेसो यंत्र साडेतीन-चार किलोवॅट घेते, सँडविच ग्रिलर आणि छोटी भट्टी मिळून आणखी चार, दीड टनाचा एसी दीड-पावणेदोन, शिवाय फ्रीज, ग्राइंडर आणि दिवे. एकूण भार दहा किलोवॅटच्या आसपास जातो. माझ्या जागेत आधी कपड्यांचे दुकान होते आणि जोडणी सिंगल फेजची होती. यंत्र तापत आले, कुणीतरी ग्रिलर लावला, एसी सुरूच होता, आणि दुकान अंधारात गेले. दुरुस्तीचा माणूस येऊन बघेपर्यंत खटका चार वेळा पडला होता. वाढीव भार मंजूर होऊन थ्री फेज जोडणी मिळेपर्यंत सहा आठवडे गेले आणि भाडे मात्र पहिल्या दिवसापासून चालू होते. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. मागच्या महिन्याचे बिल मागून घ्या, तो आकडा बघा, आणि वाढीव भारासाठी लागणारी मालकाची संमती करारातच लिहून घ्या.

पाण्याची चव आणि कठीणपणा दोन्ही तपासायला हवे. महापालिकेचे धरणाचे पाणी बहुधा मृदू असते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी कठीण निघते आणि त्यातले क्षार यंत्राच्या बॉयलरमध्ये थर धरतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घेऊन जा. कॉफीसाठी 150 च्या आसपासचे टीडीएस चांगले मानले जाते आणि 75 ते 250 पर्यंत चालते. टीडीएस एकूण क्षार सांगतो, कठीणपणा वेगळा मोजावा लागतो, म्हणून प्रयोगशाळेतून पाण्याचा अहवाल घ्या. तो पुढे अन्न परवान्यासाठीही उपयोगी पडतो. घरगुती आरओ लावून पाणी अगदी निःसत्त्व करणे हाही उपाय नव्हे, कारण क्षार फारच कमी झाले की कॉफी सपक उतरते. आरओच्या पाण्यात थोडे गाळलेले पाणी मिसळण्याची सोय असलेले यंत्रणासंच मिळतात, ते बघावेत.

निचऱ्याकडे तर कुणी बघतच नाही. यंत्राच्या ट्रेमधून दिवसभर पाणी खाली जात असते आणि त्या नळीला उतार लागतो. काउंटर जिथे येणार तिथून नहाणी ट्रॅप किती लांब आहे आणि जमिनीची पातळी कशी आहे, हे प्लंबरला सोबत नेऊन बघा. काउंटर दर्शनी भागात आणि ड्रेनेज मागच्या बाजूला असेल तर एक तर फरशी उचलावी लागते, नाहीतर काउंटरची जागा बदलावी लागते.

करार बहुधा लीव्ह अँड लायसन्सचा असतो आणि महाराष्ट्रात तो लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांच्या करारावर सजावटीत लाखो रुपये घालू नका. तीन ते पाच वर्षांची मुदत, भाडेवाढीचा ठरलेला टक्का आणि लॉक-इनचा, म्हणजे करार मोडता न येण्याचा, कालावधी स्पष्ट लिहून घ्या. लॉक-इन दोन्ही बाजूंना सारखा लागू आहे ना, हे वकिलाकडून वाचून घेतलेले बरे. सजावटीच्या काळासाठी महिनाभर भाडेमाफी मागायला संकोच वाटू देऊ नका, पुष्कळ मालक ती देतात. जागा निवासी सोसायटीच्या इमारतीत असेल तर तिचा मंजूर वापर व्यावसायिक आहे का, आणि सोसायटीचे खाद्यपदार्थांच्या दुकानाबद्दल काय म्हणणे आहे, हे कागदावर हवे.

परवाने

हे काम कंटाळवाणे आहे, अवघड नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना फॉसकॉस पोर्टलवर मिळतो. दोहोंपैकी काय लागते ते वार्षिक उलाढालीवरून ठरते. मिळालेला 14 अंकी क्रमांक दुकानात दिसेल असा लावायचा असतो आणि बिलावर छापायचा असतो. माणसांची वैद्यकीय तपासणी करून दाखले फाइलमध्ये ठेवा. जीएसटीची नोंदणी सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की लागते. वरच्या उदाहरणातले 65 कप वर्षाला सुमारे 29 लाखांवर जातात, म्हणजे ती सुरुवातीलाच करून घेतलेली बरी. उपाहारगृहाच्या 5 टक्के दराला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे यंत्र आणि फर्निचरवर भरलेला जीएसटी हा तुमचा खर्चच आहे. भांडवलाच्या हिशेबात किमती करासकट धरा.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली थोड्या माणसांच्या दुकानाला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन चालते. नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत हवा आणि त्यातली अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. फलक रंगवून झाल्यावर हे कळले तर खर्च दुप्पट होतो. प्लास्टिकचे कप, स्ट्रॉ आणि ढवळण्याच्या काड्या यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. गॅस वापरणार असाल तर व्यावसायिक सिलिंडरच घ्या. दुकानात गाणी लावायची असतील तर त्याचाही परवाना लागतो; घरच्या ॲपवरून गाणी वाजवणे कायद्यात बसत नाही. महापालिकेचा आरोग्य विभाग आणि अग्निशमन विभाग यांच्याकडे जागेच्या पत्त्यासह प्रत्यक्ष जाऊन काय लागते ते लिहून आणा.

ग्राइंडर आधी, यंत्र नंतर

पैसे मोजके असतील तर चांगला ग्राइंडर आणि मध्यम यंत्र घ्या. उलट करू नका. एस्प्रेसोत 18 ग्रॅम पुडीतून 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम कॉफी उतरावी लागते, आणि ते जवळजवळ सगळे दळणावर ठरते. दळण असमान असेल तर पाणी वाट मिळेल तिथून निसटते आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही चवी येतात. पुण्यात पावसाची झड लागली की हवेतल्या ओलाव्याने काल जुळलेले दळण आज जुळत नाही, म्हणून ज्याची पायरी बारकाईने बदलता येते असाच ग्राइंडर हवा.

यंत्र निवडताना नावापेक्षा सेवेला महत्त्व द्या. दुरुस्ती करणारा शहरातच आहे का, तो किती तासांत येतो, गॅस्केट आणि छोटे सुटे भाग कुठे मिळतात, हे विचारा आणि त्याच यंत्राचे दोन जुने ग्राहक गाठून खात्री करा. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर बॉयलर उघडून आतला क्षारांचा थर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काही भट्टीवाले, म्हणजे कॉफी भाजून विकणारे, ठरावीक कॉफी घेण्याच्या अटीवर यंत्र वापरायला देतात. सुरुवातीला ही सोय चांगली आहे, पण महिन्याला किमान किती किलो उचलावे लागेल हा आकडा तुमच्या कपांच्या आकड्याशी जुळला पाहिजे. दिवसाला 65 कप म्हणजे महिन्याला वाया जाणाऱ्या मालासह 34 किलोच्या आसपास. त्याहून अधिकच्या करारावर सही करू नये.

बी आणि दूध

या टप्प्यावर हवा तेवढा वेळ द्या, घाई इथे कामाची नाही. भारतातली बहुतांश कॉफी कर्नाटकात, चिकमगळूर, कोडगू आणि हासन या जिल्ह्यांत पिकते, आणि पुण्याहून तिथल्या मळ्यांपर्यंत एका रात्रीत पोहोचता येते. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, पण नियमित पुरवठ्यासाठी कर्नाटकाकडेच बघावे लागेल. अरेबिका या जातीच्या कॉफीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते. एकदा त्या दिवसांत जाऊन या. लाल फळ कसे वेचतात, वाळवतात आणि सोलतात, हे बघितलेल्या माणसाला पुढे बी विकत घेताना कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळते.

स्वतः भाजण्याच्या फंदात पहिली दोन वर्षे पडू नका. चार-पाच भट्टीवाल्यांकडून नमुने मागवा आणि एकाच दिवशी शेजारीशेजारी चाखा. प्रत्येक पेल्यात 8.25 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घ्या, वर 150 मिलिलिटर पाणी, उकळी आल्यावर मिनिटभर थांबून, ओता. चार मिनिटांनी वर जमलेली साय चमच्याने मोडायची आणि त्या क्षणी नाक पेल्याशी न्यायचे. बियांबद्दल जे काही कळायचे ते सर्वाधिक याच क्षणी कळते. मग थोडे निवल्यावर चाखा. गरम असताना छान लागलेली आणि निवल्यावर राखेसारखी लागणारी कॉफी बाजूला ठेवा. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते बी घेऊ नये. एस्प्रेसोसाठी भाजल्यानंतर आठवडाभर मुरू द्यावे आणि महिना-दीड महिन्यात संपवावे.

आपल्याकडे दहांतले आठ कप दुधाचे आणि थंड कॉफीचे जातात, असा माझा अनुभव आहे. म्हणून बी केवळ काळी कॉफी पिऊन निवडू नका, दुधात घालून चाखा. नुसती कोवळी भाजलेली अरेबिका दुधात हरवून जाते. रोबस्टा या दुसऱ्या जातीचे थोडे चांगले, स्वच्छ प्रक्रियेचे बी मिसळलेले मिश्रण दुधातही उठून दिसते. मात्र रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते, हे ग्राहकाने विचारले तर सांगता आले पाहिजे. फिल्टर कॉफी ठेवणार असाल तर चिकोरीचे प्रमाण फलकावर लिहा.

दुधाचा फेस प्रथिनांवर टिकतो आणि चव स्निग्धांशावर खुलते. 6 टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध कॉफी झाकून टाकते; साडेतीन-साडेचार टक्क्यांचे दूध बहुतेक मिश्रणांना मानवते. एक दूध ठरवा आणि पंधरा दिवस तेच वापरून बघा. फ्रीजमधून काढलेल्या गार दुधात यंत्राच्या वाफेच्या नळीचे टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली धरले की पहिली काही सेकंदे कागद हलकेच फाटल्यासारखा आवाज येतो. मग टोक थोडे आत न्यायचे, दूध भोवऱ्यासारखे फिरू द्यायचे आणि भांड्याला हात लावून ठेववेनासा झाला की थांबायचे. तेव्हा दूध 60 ते 65 अंशांवर असते. आपल्या घरांत दूध उतू जाईपर्यंत तापवायची सवय असल्याने नवीन मुले हमखास पुढे जातात, आणि सत्तरच्या वर दुधाचा गोडवा जाऊन शिजल्याचा वास येतो. उकळत्या चहाची सवय असलेले काका मात्र या कॉफीला कोमट म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका. कप आधी गरम पाण्याने तापवून ठेवा, आणि मागितलीच तर अधिक गरम करून द्या.

मेनू आणि माणसे

पहिल्या तीन महिन्यांत फलकावर बारापेक्षा अधिक पदार्थ नकोत. पाच-सहा गरम कॉफी, तीन थंड, एक चहा किंवा कोको आणि खायला दोन गोष्टी एवढे पुरे आहे. खायचे पदार्थ जवळच्या एखाद्या घरगुती व्यावसायिकाकडून घेतले तर स्वयंपाकघराचा खर्च आणि विजेचा भार दोन्ही वाचतात. त्यांचाही अन्न परवाना असल्याची खात्री करा.

माणसे उद्घाटनाच्या निदान चार आठवडे आधी कामावर घ्या आणि त्या काळाचा पगार भांडवलात धरा. कॉफी शिकवता येते. स्वच्छतेची सवय आणि ग्राहकाकडे बघून बोलण्याची पद्धत महिन्याभरात शिकवता येत नाही, म्हणून निवड त्यावरून करा. दर रात्री यंत्राची उलट धुलाई (पाणी उलट्या दिशेने सोडून आतली स्वच्छता), वाफेच्या नळीची पुसणी आणि ग्राइंडरची झाडलोट यांची यादी भिंतीवर लावा, आणि सुरुवातीचे काही आठवडे ही कामे स्वतः त्यांच्या बरोबरीने करा.

शेवटचे दहा दिवस

उद्घाटनाची तारीख छापण्यापूर्वी दहा दिवस दार अर्धे उघडे ठेवून दुकान चालवा. पहिले तीन दिवस फक्त आपली माणसे आपल्यासाठी कॉफी करतील. पुढचे चार दिवस शेजारचे दुकानदार, इमारतीतले रहिवासी आणि ओळखीचे लोक यांना बोलवा, पण बिल पूर्ण करा आणि पैसेही घ्या. फुकट कॉफीला कुणी नाव ठेवत नाही, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. उरलेल्या दिवसांत एका संध्याकाळी मुद्दाम वीस जणांना एकाच वेळी यायला सांगा आणि स्वतः काउंटरच्या बाहेर उभे राहून घड्याळ लावा. ऑर्डर दिल्यापासून कप हातात पडेपर्यंत किती मिनिटे गेली, दूध काढायला माणूस किती वेळा वळला, बिल देणाऱ्यांची रांग आणि कॉफी घेणाऱ्यांची रांग कुठे एकमेकांत अडकली, हे लिहून काढा. आमच्याकडे या एका संध्याकाळी फ्रीज उजवीकडून डावीकडे आला, साखरेची भांडी काउंटरवरून टेबलावर गेली आणि सहा मिनिटांचा कप चारवर आला. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा घ्या. वेळ चार-पाच मिनिटांत बसू लागली की मग तारीख छापायला द्या.